व्हिएन्नाची सार्वजनिक वाहतूक : नव्या रहिवाशाच्या वापरातून

नोकरीनिमित्त व्हिएन्नात राहायला आलेल्या माणसाचा ज्या एका सेवेशी पहिल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ संबंध येतो, ती म्हणजे शहराच्या मालकीच्या वीनर लीनिएन या कंपनीची भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस. राहायला आल्यापासून तीन दिवसांत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते, त्यानंतर बँक, विमा, घर पाहणे, सामान आणणे अशी कामे शहराच्या निरनिराळ्या टोकांना असतात, आणि ती करता करताच हे शहर हळूहळू ओळखीचे होते. या काळात मी या सेवेचा जो वापर केला, त्यावरून माझे मत असे झाले आहे की तिचा सर्वांत मोठा गुण वेग नाही. तिकीट, गाड्यांची वारंवारिता आणि स्थानकांवरच्या पाट्या या तिन्हींची मांडणी अशी केलेली आहे की प्रवासाचा हिशेब डोक्यातून निघून जातो. ‘आत्ता निघालो तर गाडी मिळेल का’, ‘मध्येच उतरलो तर पुन्हा तिकीट लागेल का’ हे प्रश्न मनात येत नाहीत, आणि ते येत नाहीत म्हणूनच नवा माणूस वाटेत उतरून शहर पाहतो.

सुरुवात तिकिटापासून करायला हवी, कारण बाहेरून आलेल्याला सर्वांत आधी जाणवते ती तिथली एक उणीव : भुयारी रेल्वेच्या कोणत्याही स्थानकात अडवणारे फाटक नाही. जिना उतरला की वाटेत एक छोटी पेटी दिसते. कागदी तिकीट तिच्या खाचेत सरकवले की त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटतो, आणि पुढे थेट फलाट. ज्याच्याकडे पास आहे त्याला तेही करावे लागत नाही. साध्या वेशातले तपासनीस अधूनमधून गाडीत चढतात आणि ओळखपत्र दाखवून तिकीट मागतात. विनातिकीट सापडल्यास दंड शंभर युरोंहून अधिक असतो, म्हणजे विश्वास आहे पण तो बेफिकिरीचा नाही. या पद्धतीचा फायदा गर्दीच्या वेळी डोळ्यांना दिसतो. कार्ल्सप्लाट्ससारख्या मोठ्या स्थानकात सकाळी माणसांचा लोंढा वाहतो, पण तो कुठे तुंबत नाही, कारण तुंबवणारे काही मध्ये उभेच केलेले नाही. बाबागाडी घेऊन आलेली आई, सामानाची चाकांची पेटी ओढणारा प्रवासी आणि काठी टेकत चालणारे आजोबा सगळे एकाच वाटेने जातात.

संपूर्ण शहर हा एकच दरविभाग आहे, ही दुसरी मोठी सोय. एकदा तिकीट घेतले की भुयारी रेल्वेतून ट्राममध्ये, ट्राममधून बसमध्ये आणि तिथून ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय रेल्वेच्या एस-बान या उपनगरी गाडीत बदल करता येतो. मात्र एकेरी तिकीट एका दिशेच्या सलग प्रवासाचेच असते, त्यावर वाटेत उतरून हिंडून पुन्हा चढता येत नाही. म्हणून थोडे दिवस राहणाऱ्याने २४ तासांचे किंवा त्याहून जास्त मुदतीचे तिकीट घ्यावे आणि राहायलाच आलेल्याने वेळ न दवडता वर्षाचा पास काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या पासाची किंमत २०१२ साली ४४९ युरोंवरून ३६५ युरोंवर, म्हणजे दिवसाला एक युरो अशी आणली गेली आणि २०२५च्या अखेरीपर्यंत ती तशीच टिकली. २०२६च्या सुरुवातीपासून ती ४६७ युरो झाली असून पास मोबाइलवर घेतल्यास थोडी कमी पडते. ही वाढ लहान नाही आणि जुन्या रहिवाशांना ती टोचणे साहजिक आहे. तरीही पुऱ्या वर्षाच्या अमर्याद प्रवासासाठी दिवसाला सव्वा युरोच्या आसपासचा खर्च मला आजही रास्त वाटतो. शहरात नोंदलेल्या मोटारींपेक्षा वर्षाचा पास बाळगणाऱ्यांची संख्या अधिक आहे, यावरून लोकांचा कौलही समजतो.

इतका स्वस्त पास परवडतो कसा, याचे उत्तर प्रवाशाला तिकिटावर दिसत नाही, पण ते माहीत असावे. शहरातले मालक आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्यामागे दर आठवड्याला एक ठरावीक रक्कम भुयारी रेल्वेसाठी भरतात. हा कर १९७० पासून आहे आणि पासाची किंमत उतरली त्याच वर्षी, २०१२ मध्ये, तो ७२ सेंटांवरून २ युरोंवर नेला गेला. शिवाय २०२२च्या मार्चपासून जवळजवळ सगळ्या शहरात रस्त्यावर मोटार उभी करण्यासाठी पैसे मोजावे लागतात. म्हणजे ज्या कार्यालयाला कामाला येणारी माणसे वेळेवर हवी आहेत ते कार्यालय आणि ज्याला रस्त्यावरची जागा अडवायची आहे तो मोटारमालक, दोघेही आपला वाटा उचलतात. नोकरीसाठी आलेल्या माणसाला ही व्यवस्था न्याय्य वाटावी अशीच आहे.

आता प्रत्यक्ष गाड्यांकडे. भुयारी रेल्वेला तिथे यू-बान म्हणतात. नकाशावर तिच्या पाच मार्गिका दिसतात आणि त्यांचे क्रमांक १, २, ३, ४ आणि ६ असे आहेत. पाचवा क्रमांक अनेक दशके केवळ आराखड्यांत होता आणि आता कुठे त्याचे बांधकाम चालू आहे. प्रत्येक मार्गिकेला स्वतःचा रंग आहे : पहिली लाल, दुसरी जांभळी, तिसरी नारिंगी, चौथी हिरवी, सहावी तपकिरी. हा रंग पाट्यांवर, नकाशांवर आणि स्थानकांच्या सजावटीत इतक्या सातत्याने वापरलेला आहे की जर्मन न येणारा माणूसही रंगाच्या मागे चालत जाऊन योग्य फलाटावर पोहोचतो. त्यानंतर फक्त गाडीचे शेवटचे स्थानक वाचायचे. हाइलिगेनश्टाट की ह्युटेलडोर्फ, एवढे लक्षात ठेवले की हिरव्या मार्गिकेवर चुकण्याची शक्यता उरत नाही. दिवसा गाड्या दोन ते पाच मिनिटांनी येतात आणि फलाटावरच्या फलकावर किती मिनिटे उरली ते दिसत राहते. त्यामुळे धावत जिना उतरणारी माणसे कमी दिसतात.

एक बारीक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती कोणत्याही माहितीपुस्तिकेत ठळक छापलेली नसते. दारे आपोआप बंद होतात, पण उघडतात ती प्रवाशाने उघडल्यावरच. नव्या गाड्यांना त्यासाठी बटण आहे. जुन्या रुपेरी गाड्यांना मात्र दारावर धातूची मूठ आहे आणि ती जोर लावून बाजूला ओढावी लागते. मूठ ओढली की आधी एक क्षण काहीच होत नाही, मग आतून खट्ट असा आवाज येतो आणि दाराच्या दोन्ही पाळ्या झटक्याने सरकतात. थंडीच्या दिवसांत याचे महत्त्व कळते : ज्या दाराशी कुणी चढणारे-उतरणारे नाही ते उघडतच नाही आणि डब्यातली ऊब टिकते. या जुन्या गाड्या आता कमी होत चालल्या आहेत. त्यांत वातानुकूलन नाही, त्यामुळे जुलैच्या दुपारी त्या नकोशा होतात हेही नोंदवायला हवे.

यू-बान १९७०च्या दशकातली असली तरी तिच्या दोन मार्गिकांचे मूळ त्याहून बरेच जुने आहे, आणि शहर पाहायला निघालेल्यासाठी तीच खरी मेजवानी आहे. चौथी आणि सहावी मार्गिका मोठ्या प्रमाणावर जुन्या श्टाटबानच्या रुळांवरून जाते. ही वाफेची नागरी रेल्वे १८९८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि तिची स्थानके, पूल, कठडे यांची रचना ओटो वाग्नर या वास्तुविशारदाने केली. पांढऱ्या भिंती आणि फिकट हिरव्या रंगाचे लोखंडी काम ही त्याची खूण. चौथ्या मार्गिकेवरच्या श्टाटपार्क स्थानकात किंवा सहाव्या मार्गिकेवरच्या योसेफश्टेटर श्ट्रासे स्थानकात उभे राहून ते कठडे नीट पाहावेत. रोजच्या वापरातल्या लोखंडावर इतके मन लावून काम केलेले आहे की गाडी एक सोडून पुढची घ्यावीशी वाटते. कार्ल्सप्लाट्स इथले वाग्नरचे दोन सोनेरी-हिरवे मंडप यू-बानच्या बांधकामात नाहीसे व्हायचे होते, ते लोकांच्या विरोधामुळे वाचले आणि सुटे करून पुन्हा उभारले गेले. एकात आता लहानसे प्रदर्शन आहे, दुसऱ्यात कॅफे. चौथ्या मार्गिकेवर केटनब्रुकेनगासे येथे उतरले की नाशमार्क्ट हा बाजार आणि समोर वाग्नरचेच फुलांच्या नक्षीच्या फरशांनी मढवलेले घर, दोन्ही एकाच फेरीत होतात.

स्टेफान्सप्लाट्स स्थानकात तर गाडी बदलण्याच्या वाटेवरच इतिहास आहे. १९७३ मध्ये स्थानकासाठी खोदकाम चालू असताना चौकाखाली तेराव्या शतकातले एक भूमिगत प्रार्थनागृह सापडले. ते बुजवून टाकले नाही, उलट त्याच्याभोवती स्थानकाची आखणी केली. आज स्थानकाच्या दालनातून जाता-येता काचेतून खाली पाहिले की जाड भिंती आणि त्यांतले खोल कोनाडे मंद उजेडात दिसतात, आणि त्या काचेला लागूनच माणसे कामावर जायच्या घाईत चालत असतात. तिसऱ्या मार्गिकेवरच्या श्टुबेनटोर स्थानकात जुन्या शहरतटाचे अवशेष असेच जागच्या जागी राखलेले आहेत. शहराचा भूतकाळ पाहायला तिकीट काढून संग्रहालयात जावेच लागते असे नाही, ही जाणीव या स्थानकांनी मला दिली आणि त्याबद्दल मला या सेवेविषयी मनापासून आदर वाटतो.

तरीही शहर शिकवते ती ट्राम. भुयारी रेल्वे माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते, पण मधले काही दाखवत नाही. त्यामुळे स्टेफान्सप्लाट्स आणि श्वेडनप्लाट्स ही दोन स्थानके चालत काही मिनिटांवर आहेत हे केवळ यू-बानने फिरणाऱ्याला बराच काळ कळत नाही. व्हिएन्नाचे ट्रामजाळे १७० किलोमीटरहून लांब असून जगातल्या मोठ्या जाळ्यांत गणले जाते. नव्या माणसाने पहिल्याच रविवारी रिंगश्ट्रासेची फेरी मारावी. शहराचा तट पाडण्याचा निर्णय १८५७ मध्ये झाला, त्या जागेवर आखलेला हा रुंद रस्ता १८६५ मध्ये खुला झाला आणि पुढच्या काही दशकांत त्याच्या कडेने विद्यापीठ, नगरभवन, संसद, संग्रहालये, ऑपेरा अशा इमारती उभ्या राहिल्या. पूर्वी १ आणि २ क्रमांकाच्या ट्राम या रस्त्यावरून गोल फिरत असत. २००८ पासून तसे नाही, त्यामुळे श्वेडनप्लाट्स येथे एकीतून उतरून दुसरीत बसावे लागते. तेवढा बदल केला की पूर्ण वर्तुळ होते. खिडकीजवळ बसून संसदेचे खांब, मग झाडांमागचा राजवाडा, मग ऑपेराचा कोपरा एकामागून एक येत जातात आणि शहराची मध्यवर्ती आकृती मनात बसते. नंतर कुठेही वाट सापडेनाशी झाली तरी ‘रिंग कोणत्या बाजूला’ एवढे समजले की पुरते.

ट्रामच्या क्रमांकांमागे एक जुनी शिस्त आहे आणि ती कळल्यावर नकाशा वाचणे सोपे होते. विसाच्या आतले क्रमांक मुख्यतः शहराला वळसा घालणाऱ्या आडव्या मार्गांचे होते आणि २१ पासून पुढचे क्रमांक केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या मार्गांचे. हे दुसरे क्रमांक ईशान्येकडून सुरू होऊन उत्तर, वायव्य, पश्चिम, नैर्ऋत्य असे करत आग्नेयेपर्यंत वाढत जातात. नंतर काही मार्ग बंद झाले, काही नवे आले, तरी ही रचना आजही बऱ्याच अंशी टिकून आहे : २६ क्रमांकाची ट्राम डॅन्यूबपलीकडे, ३८ वायव्येच्या ग्रिंत्सिंगकडे, ४९ पश्चिमेला आणि ७१ आग्नेयेला. ज्यांच्या क्रमांकापुढे ‘ए’ किंवा ‘बी’ अक्षर आहे त्या बस, आणि नुसत्या अक्षराची ‘डी’ किंवा ‘ओ’ ही ट्राम.

या मार्गांपैकी ७१ क्रमांकाचा मार्ग पाहण्यासारखा आहे, कारण तो रिंगवरून निघून थेट मध्यवर्ती दफनभूमीपर्यंत जातो. १८७४ मध्ये सुरू झालेली ही दफनभूमी इतकी विस्तीर्ण आहे की तिच्या प्रवेशद्वारांसाठी वेगवेगळे ट्रामथांबे आहेत. बेथोव्हेन, शुबर्ट आणि ब्राह्म्स यांच्या समाध्या पाहायच्या असतील तर दुसऱ्या प्रवेशद्वारापाशी उतरावे. १९१८च्या साथीच्या काळात मृतदेह नेण्यासाठीही ट्राम वापरली गेली होती, आणि एखादा माणूस वारला की ‘तो ७१ने गेला’ असे व्हिएन्नातले जुने लोक अजूनही म्हणतात. उलट दिशेला ‘डी’ ट्राम नुस्सडोर्फच्या द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी सोडते, आणि हाइलिगेनश्टाटहून निघणारी ३८ए ही बस ग्रिंत्सिंगमार्गे कालेनबेर्ग टेकडीवर चढते. वर पोहोचल्यावर डॅन्यूब, तिच्या मधोमध आखलेले एकवीस किलोमीटरांचे लांबट बेट आणि पलीकडचे सपाट मैदान एका नजरेत दिसते. एरवी सहलीसाठी वेगळे पैसे मोजावे लागावेत असे हे दृश्य रोजच्याच पासात मिळते.

ट्रामच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १९९०च्या दशकात आलेल्या ‘उल्फ’ जातीच्या ट्रामची पायरी रस्त्यापासून जेमतेम वीस सेंटिमीटर उंच आहे आणि २०१८ पासून आलेल्या नव्या ट्रामही सपाट तळाच्या आहेत, त्यामुळे वृद्धांना आणि चाकाच्या खुर्चीतल्या प्रवाशांना चढणे सुकर झाले आहे. मात्र जुन्या उल्फमध्ये वातानुकूलन नाही आणि उन्हाळ्यात त्या तापतात. जिथे ट्रामला स्वतंत्र पट्टा नाही, अशा अरुंद गल्ल्यांत मोटारींच्या मागे तिलाही खोळंबावे लागते आणि रुळांच्या फार जवळ लावलेली एखादी मोटार पुऱ्या मार्गाचे वेळापत्रक बिघडवू शकते. ज्याला ठरलेल्या मिनिटाला कार्यालयात पोहोचायचे आहे त्याने सकाळी यू-बान धरावी आणि संध्याकाळी, घाई नसताना, ट्रामने परतावे. मी स्वतः हेच करते. परतीच्या या प्रवासांमुळे दुकाने, शाळा, बागा, दवाखाने यांची जी ओळख होते ती नकाशावरून होत नाही.

थांब्यावर उतरल्यानंतर पत्ता सापडणेही प्रवासाचाच भाग आहे आणि याबाबतीत व्हिएन्ना नवख्यावर मेहेरबान आहे. शहरात २३ प्रभाग आहेत आणि पिनकोडातले मधले दोन आकडे म्हणजे प्रभागाचा क्रमांक : १०७० म्हणजे सातवा प्रभाग, १२१० म्हणजे एकविसावा. रस्त्यांच्या निळ्या पाट्यांवरही नावाआधी प्रभागाचा आकडा असतो. केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर घरांचे क्रमांक केंद्राकडून वाढत जातात आणि विषम क्रमांक डाव्या हाताला, सम क्रमांक उजव्या हाताला येतात. त्यामुळे दोन दारांवरचे आकडे पाहिले की आपण शहराच्या मध्याकडे चाललो आहोत की बाहेर, हे मोबाइल न काढता कळते. भाड्याचे घर शोधत फिरणाऱ्याला ही माहिती फार उपयोगी पडते.

नव्याने आलेले लोक ज्याकडे दुर्लक्ष करतात ती गोष्ट म्हणजे एस-बान. माइडलिंगपासून मुख्य रेल्वे स्थानक, वीन मिटे आणि प्राटरश्टर्न यांना जोडत फ्लोरिड्सडोर्फपर्यंत जाणारा तिचा मध्यवर्ती मार्ग दक्षिण-उत्तर अंतर अर्ध्या तासाच्या आत कापतो, गाड्या वारंवार असतात आणि शहराच्या हद्दीत पास तोच चालतो. घराजवळ यू-बानचे स्थानक नसले तरी एस-बानचे असेल तर ते घर नाकारू नये.

गाडीतल्या वर्तनाविषयी थोडे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे आणि डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी, हा संकेत काटेकोरपणे पाळला जातो. फोनवर मोठ्याने बोलणाऱ्याकडे माणसे वळून पाहतात. कुत्र्यांना गाडीत मुभा आहे, पण साखळी आणि तोंडाला जाळी सक्तीची. खाण्यावर बंदी २०१८च्या सप्टेंबरात आधी सहाव्या मार्गिकेवर आली आणि २०१९च्या जानेवारीपासून ती सगळ्या यू-बानला लागू झाली. या नियमाचे मी स्वागतच करते, कारण बंद डब्यात तिखट-तेलकट वास कोंडला की उभ्या माणसाला तो सोसावा लागतो. सहाव्या मार्गिकेचा उल्लेख वेगळा करावा लागतो, कारण ती बाकीच्यांसारखी नाही. तिच्या गाड्या वरच्या तारेवरून वीज घेतात, डबे ट्रामसारखे अरुंद आहेत आणि ग्युर्टेल या बाह्य हमरस्त्यावरच्या दाट वस्तीची सगळी गर्दी तिच्यावर येते. सकाळी आठच्या सुमारास तिच्यातून रोज प्रवास करावा लागणार असेल तर घर निवडताना हा मुद्दा विचारात घ्यावा.

उणिवांत पहिला क्रमांक विमानतळाचा. विमानतळ शहराच्या दरविभागाबाहेर आहे, म्हणून पास असला तरी हद्दीपासून पुढच्या टप्प्याचे जादा तिकीट लागते, आणि हे नवख्याला सांगणारी पाटी मोक्याच्या जागी हवी तितकी ठळक नाही. शहरात यायला तीन रेल्वे पर्याय आहेत : वीन मिटेला सोळा मिनिटांत पोहोचवणारी पण सर्वांत महाग अशी खास विमानतळगाडी, मुख्य स्थानकाकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि एस-७ ही उपनगरी गाडी. पैशाच्या मानाने शेवटचे दोन कितीतरी सरस आहेत, मात्र आगमन दालनात डोळ्यांत भरते ती महागड्या गाडीचीच जाहिरात. दुसरी उणीव भाषेची. ठरावीक सूचना इंग्रजीतही होतात, पण मार्ग अचानक बदलला किंवा गाडी मध्येच थांबवली तर होणारी घोषणा मुख्यतः जर्मनमध्ये असते, आणि नेमक्या त्याच वेळी नव्या माणसाला समजण्याची सर्वाधिक गरज असते. कंपनीचे वीनमोबिल हे अॅप अशा वेळी उपयोगी पडते, म्हणून ते पहिल्याच दिवशी घ्यावे. तिसरी गोष्ट बांधकामाची : दुसऱ्या मार्गिकेसाठी राटहाउसपासून दक्षिणेकडे नवा बोगदा आणि तिच्या जुन्या टप्प्यावर चालकाविना धावणारी पाचवी मार्गिका, या कामामुळे दुसऱ्या मार्गिकेचा कार्ल्सप्लाट्सपर्यंतचा भाग २०२१ ते २०२४ असा बंद होता आणि अनेक रस्ते अजून खणलेले आहेत. पुढे याच टप्प्यावरच्या स्थानकांचा रंग आणि क्रमांक बदलणार आहे, हे तिथे घर घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

याच दुसऱ्या मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला, शहराच्या पूर्वेला, झेश्टाट नावाची नवी वसाहत आहे. एका जुन्या विमानतळाच्या जागेवर ती वसवली जात आहे. तिथले स्थानक २०१३च्या ऑक्टोबरात सुरू झाले तेव्हा भोवती जवळजवळ सगळे मोकळे माळरान होते आणि पहिली कुटुंबे त्यानंतर राहायला आली. डॅन्यूब ओलांडून उंच खांबांवरून जाणारी गाडी शेवटच्या टप्प्यात शेतांवरून धावते, आणि मग एका तळ्याकाठी नव्या इमारती दिसू लागतात. आधी गाडी आणि मग घरे, हा क्रम ठेवल्यामुळे तिथे राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून मोटारीवाचून कामावर जाता आले. या सेवेची शहराविषयीची समज मला इथे सर्वांत स्पष्ट दिसली, म्हणून स्थलदर्शनाच्या यादीत नसले तरी हे ठिकाण नव्या रहिवाशाने पाहून यावे.

रात्रीच्या प्रवासाबद्दल मात्र पूर्ण समाधान देता येत नाही. शुक्रवारी, शनिवारी आणि सुटीच्या आदल्या रात्री यू-बान रात्रभर दर पंधरा मिनिटांनी धावते. ही सोय २०१० पासून आहे आणि ती उत्तम आहे. एरवी मध्यरात्रीनंतर अर्ध्या-पाऊण तासात यू-बान थांबते आणि पहाटे पाचपर्यंत ‘एन’ अक्षराच्या रात्रबसवर विसंबावे लागते. त्या साधारण अर्ध्या तासाने येतात आणि बाहेरच्या प्रभागांत त्यांचे थांबे विरळ आहेत. पाळीत काम करणाऱ्याने किंवा रुग्णालयात, उपाहारगृहात नोकरी असणाऱ्याने घर ठरवण्यापूर्वी आपल्या गल्लीपासून सर्वांत जवळचा रात्रबसचा थांबा कोणता आणि तिथून कामाच्या जागेपर्यंत गाडी न बदलता जाता येते का, हे त्याच अॅपवर रात्री दोनची वेळ टाकून पाहावे.